अभ्यासिकेत एकाला ताप आला की बाकीच्यांनी काय करायचं

पुण्यात सदाशिव पेठेत आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी माझी अभ्यासिका आहे. चाळीस टेबलं, तीन खिडक्या, दोन एसी, आणि पोरं बीड-लातूरपासून नंदुरबारपर्यंतची. पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीत फ्लूची साथ येते. एक जण खोकायला लागतो आणि आठवड्याभरात अख्खी रांग अंथरूण धरते. पूर्व परीक्षेच्या तोंडावर असं झालं की एखाद्याचं वर्ष जातं. म्हणून या विषयात मी जरा जास्तच डोकं घातलं आहे. पेठेतल्या इतर अभ्यासिकावाल्यांसाठी आणि कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका कॉटचं भाडं देऊन, राहणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे.

पोरं विचारतात, "काकू, मास्कनं खरंच फरक पडतो का हो, की आपलं उगाच?" पडतो. लांब बसण्यानंही पडतो. पण दोन्हींचं काम वेगवेगळं आहे, आणि बंद खोलीत दिवसाचे बारा तास बसणाऱ्यांना त्यातलं एकटं कुठलंच पुरत नाही. त्यात आम्हा अभ्यासिकावाल्यांची फीची भानगड असते, तिच्यावर तर कुणीच बोलत नाही. तीही शेवटाकडे सांगते.

एक आधीच सांगून ठेवते. हे सगळं श्वासातून पसरणाऱ्या आजारांबद्दल आहे: फ्लू, कोविड, साधी सर्दी. पेठेत त्याच दिवसांत डेंगीही असतो आणि त्याला मास्क लावून काही उपयोग नाही. तिथे कूलरमधलं साचलेलं पाणी ओतून टाका.

किती लांब बसायचं

आपण बोलतो, खोकतो, नुसता श्वास सोडतो तेव्हाही तोंडानाकातून थेंब बाहेर पडतात. मोठे असतात ते दोन-तीन हातांवर खाली पडतात. बारीक असतात ते वाटेतच सुकतात आणि हवेत तरंगत राहतात. १९३४ मध्ये विल्यम वेल्स नावाच्या अमेरिकी संशोधकानं या दोन जातींचा हिशेब मांडला होता. करोनाच्या काळात "दो गज की दूरी" कानीकपाळी ओरडून सांगितली गेली ती पहिल्या जातीसाठी. दुसरी जात अगरबत्तीच्या धुरासारखी वागते: जवळ दाट, लांब विरळ, पण दार-खिडकी बंद असेल तर तासाभरात खोलीभर.

म्हणून लांब बसणं खोटं नाही. शेजाऱ्याच्या तोंडासमोरची हवा सगळ्यात दाट असते, ती टाळली तर धोका चांगलाच उतरतो. पण मधे सहा फूट सोडले की सुटलो, असंही नाही. २४ जानेवारी २०२० ला चीनमध्ये ग्वांगझूच्या एका हॉटेलात तीन कुटुंबं शेजारशेजारच्या टेबलांवर जेवली. टेबलांमध्ये मीटरभर अंतर होतं. एक कुटुंब आदल्या दिवशी वूहानहून आलेलं. एसीचा झोत तिन्ही टेबलांवरून जाऊन तिथेच गोल फिरत होता आणि बाहेरची ताजी हवा जवळजवळ येतच नव्हती. तिन्ही कुटुंबांतले मिळून दहा जण आजारी पडले. त्या मजल्यावरच्या इतर गिऱ्हाइकांना आणि वाढप्यांना काही झालं नाही, कारण ती त्या झोताच्या बाहेर होती.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातली. १० मार्च २०२० ला एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. दारात सॅनिटायझर ठेवला होता, गळाभेटी टाळल्या होत्या. ६१ जण हजर होते, त्यांतल्या ५३ जणांना कोविड झाला किंवा झाल्याची दाट शक्यता धरली गेली. दोघं गेले. मोठ्यानं गाताना माणूस शांत बसलेल्यापेक्षा कितीतरी जास्त बारीक थेंब हवेत सोडतो, आणि तेही अडीच तास.

आता हे अभ्यासिकेला लावून बघा. शांतपणे लक्ष्मीकांतचं राज्यव्यवस्थेचं पुस्तक वाचत बसलेला मुलगा हवेत तसं कमीच सोडतो. घोटाळा होतो तो डिस्कशनला, मॉक इंटरव्ह्यूला, आणि जिन्यात. जिना बंदिस्त असतो, रेंज चांगली असते, आणि रात्री नऊनंतर तिथे ओळीनं पोरं घरी फोनवर मोठमोठ्यानं बोलत उभी असतात. आमच्याकडे डिस्कशन गच्चीवर आणि फोन खाली रस्त्यावर, असा नियम आहे. उघड्यावर हवा लगेच पांगते. अमृततुल्यसमोर रस्त्यावर उभं राहून चहा प्यायला म्हणूनच माझी ना नाही, फक्त एकमेकांच्या तोंडात तोंड घालून चालू घडामोडींवर भांडू नका.

टेबलांचं म्हणाल तर साथीच्या दिवसांत एक आड एक बसवणं उत्तम, पण चाळीस टेबलांची फी घेणाऱ्याला ते परवडत नाही हे मला माहीत आहे. निदान समोरासमोर तोंडं येतील अशी मांडणी मोडा. सगळे भिंतीकडे किंवा सगळे एकाच दिशेला. खोकला असलेल्याला हवा बाहेर जाते त्या टोकाला बसवा, ती आत येते त्या टोकाला नको. आणि प्लायवूडच्या पार्टिशनवर फार विसंबू नका. ते समोरच्याची शिंक अडवतं, तरंगणारी हवा वरून पलीकडे जातेच. उलट पार्टिशन फार उंच असेल तर त्या खोपटात हवा साचून राहते.

हवा बदलते आहे का, हे कसं बघायचं

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत तोंडावर सोडतो. त्याची जाळी धूळ अडवते, बारीक थेंब अडवण्याइतकी घट्ट ती नसते. हे निम्म्या अभ्यासिकावाल्यांना सांगूनही पटत नाही. "एसी आहे ना, मग हवा खेळतेच की!"

आमच्याकडे एका इंजिनिअर पोरानं कार्बन डायऑक्साइडचं मीटर आणलं. माणूस श्वासातून हा वायू सोडतो, त्यामुळे खोलीत तो किती साठला यावरून दुसऱ्याचा उच्छ्वास किती साठला याचा अंदाज येतो. बाहेर रस्त्यावर आकडा साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२०) असतो. खोलीत हजाराच्या आत राहिला तर ठीक. आमच्याकडे सगळी टेबलं भरलेली, एसी चालू आणि खिडक्या बंद असताना संध्याकाळपर्यंत तो दोन हजारांच्या पुढे गेला. पोरांना सहा वाजता जी झोप येते तिच्यामागे नुसतं मिसळ-पाव नसतं, हेही तेव्हा कळलं. मीटर घ्यायचं तर एनडीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी वायू मोजणाऱ्या सेन्सरचंच घ्या. स्वस्तातली काही मीटरं नुसता अंदाज बांधतात. शेजारी सॅनिटायझर चोळला की त्यांचा आकडा उडी मारतो, त्यावरून ओळखता येतं.

मीटर नसलं तरी अडत नाही. एका खिडकीत एक्झॉस्ट फॅन बसवा, पाती हवा बाहेर फेकतील अशी. त्याच्या समोरच्या टोकाची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. मग एक उदबत्ती पेटवा आणि टेबलाटेबलाशी नेऊन धूर कुठे जातो ते बघा. जिथे तो सरळ वर जाऊन घुटमळतो तो कोपरा वाईट. तिथे भिंतीवरचा छोटा पंखा लावून हवा एक्झॉस्टकडे ढकला. एक्झॉस्टच्या शेजारचीच खिडकी उघडी ठेवू नका, नाहीतर पंखा तिथूनच हवा ओढून तिथूनच बाहेर फेकत बसतो आणि बाकीची खोली कोरडीच राहते. ही गोष्ट मी पेठेत ठिकठिकाणी बघते.

मच्छरदाणीची जाळी महिन्यातून एकदा धुवा. धुळीनं बुजलेली जाळी म्हणजे अर्धी बंद खिडकी. एसी चालू असताना खिडकी उघडी ठेवली की वीजबिल वाढतं, त्याला इलाज नाही. हेपा फिल्टरचं एअर प्युरिफायर असेल तर तेही बारीक थेंब गाळतं, पण त्यानं मीटरचा आकडा उतरत नाही, म्हणून ते बंद पडलंय असं समजू नका. ओझोन सोडणाऱ्या यंत्रांच्या नादी मात्र लागू नका.

मास्क

पेठेत मास्क पहिल्यांदा घरोघर आले ते २००९ मध्ये. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यातच झाला, चौदा वर्षांच्या मुलीचा. नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या, शाळा बंद झाल्या, एन-९५ काळ्या बाजारात गेले आणि ज्यांना मिळाले नाहीत त्यांनी रुमाल बांधले. गाडीवरच्या मुलींना तर नवीन काहीच करावं लागलं नाही. डोळे सोडून सगळं झाकणारा स्कार्फ पुण्यात आधीपासूनच होता. पण स्कार्फ उन्हासाठी आणि धुळीसाठी. त्यातून श्वास इतका आरामात जातो की फ्लूचे बारीक थेंबही तितक्याच आरामात जातात.

नेहमी येणारी शंका: "व्हायरस मास्कच्या भोकांपेक्षा लहान असतो, मग मास्क कशाला?" व्हायरस सुटा फिरत नाही, थेंबात बसून येतो, आणि थेंब त्याच्यापेक्षा बराच मोठा असतो. शिवाय चांगला मास्क चाळणीनं गाळत नाही. त्याच्या आतल्या थरात प्लॅस्टिकचे अगदी बारीक धागे वेडेवाकडे गुंतलेले असतात आणि त्यांना स्थिर विद्युतभार दिलेला असतो. जवळून जाणारा कण त्यांना चिकटतो. अडवायला सगळ्यात अवघड असतात ते ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण, म्हणून परीक्षा त्यांचीच घेतात. त्यातले किमान ९५ टक्के अडवले तर तो एन-९५. त्याहून बारीक कण नागमोडी भरकटत जातात, त्यामुळे ते धाग्यांना उलट जास्तच आपटतात.

या विद्युतभारामुळेच एन-९५ धुवायचा नाही. साबण किंवा स्पिरिट लागलं की भार जातो आणि हातात नुसतं फडकं उरतं. वापरून झाला की कागदी पिशवीत घालून लटकवा. तीन-चार मास्क आलटून-पालटून वापरा. दोऱ्या सैल झाल्या, मास्क ओला झाला, मळला, किंवा श्वास घ्यायला जड जायला लागलं की टाकून द्या.

घेताना मेडिकलमध्ये विचारा आणि पाकिटावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ९४७३ हा आकडा बघा. फुटपाथवर कशावरही एन-९५ छापलेलं मिळतं. कानात अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून जाणाऱ्या दोन दोऱ्यांचा मास्क घट्ट बसतो. पुढे प्लॅस्टिकचं बटण, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला तर आजाऱ्यानं घेऊच नये. आत येणारी हवा तो गाळतो, बाहेर सोडलेला श्वास मात्र त्या बटणातून न गाळता जातो. केंद्राच्या आरोग्य खात्यानं जुलै २०२० मध्ये राज्यांना पत्र लिहून हे कळवलं होतं, तरी दुकानात आजही सगळ्यात दिमाखात तोच टांगलेला असतो.

लावायचा कसा, हे मी नव्या पोरांना आरशासमोर उभं करून दाखवते. नाकावरची पट्टी एका चिमटीनं दाबायची नाही, त्यानं मधे टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फट पडते. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं पट्टीच्या मध्यावर ठेवून गालांकडे सरकवत दाबायची. खालची कड हनुवटीच्या खाली. मग दोन्ही तळवे मास्कवर ओंजळीसारखे ठेवून जोरात फुंकर मारायची. डोळ्यांवर हवा आली तर वरून गळतंय, गालांवर लागली तर बाजूनं. चष्मेवाल्यांना हे फुकटात कळतं. काचा धुरकटल्या म्हणजे पट्टी नीट बसलेली नाही. दाढीवर एन-९५ कधीच घट्ट बसत नाही. परीक्षा होईपर्यंत दाढी न करण्याचा नवस ज्यांनी बोललाय त्यांनी साथीपुरतं देवाला समजावून सांगावं.

ज्यांना एन-९५ परवडत नाही किंवा दिवसभर सोसत नाही त्यांनी तीन पदरी सर्जिकल मास्क वापरावा. पन्नास मास्कचा डबा मी दारातच ठेवते. तो मुळात सैल असतो, गालाशी दोन बोटं जातील एवढी फट राहते. त्यावर उपाय सोपा आहे. मास्क मधोमध दुमडा, दोरी जिथे मास्कला चिकटलेली असते तिथे अगदी कडेला प्रत्येक बाजूला एक-एक गाठ मारा, उलगडा, आणि बाजूला जो चोच आल्यासारखा भाग दिसतो तो आत खोचा. फट बंद होते. अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्रानं, फेब्रुवारी २०२१ मध्ये हे पुतळ्यांवर करून बघितलं. नुसत्या मास्कनं खोकल्यातले निम्म्याच्या थोडे वर कण अडले, गाठ मारून खोचल्यावर तीन-चतुर्थांशाच्या वर. मास्क तोच, खर्च शून्य.

कापडी मास्क नसण्यापेक्षा बरा, खोकल्याचा मोठा झोत मोडतो. एवढंच.

आता प्रत्यक्ष माणसांत काय दिसलं ते. सगळ्यात मोठी चाचणी बांगलादेशात झाली, २०२०-२१ मध्ये, सुमारे ६०० गावांत. अर्ध्या गावांत मास्क फुकट वाटले आणि लोकांना पुन्हापुन्हा आठवण करून दिली. त्यामुळे नीट मास्क लावणारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले, म्हणजे तरीही निम्म्याहून जास्त तोंडं उघडीच होती. तेवढ्यानंही लक्षणं असलेला आणि रक्ततपासणीत पक्का झालेला कोविड ९ टक्क्यांच्या आसपास घटला. सर्जिकल मास्कच्या गावांत साठीपुढच्या लोकांत ३५ टक्क्यांनी घटला. कापडी मास्कचा फायदा मात्र स्पष्ट दिसला नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. डेन्मार्कमध्ये २०२० च्या एप्रिल-मेमध्ये सुमारे ६,००० लोकांवर चाचणी झाली. मास्क दिलेल्यांत १.८ टक्के, न दिलेल्यांत २.१ टक्के लोकांना लागण झाली. हा फरक योगायोगानंही पडू शकतो इतका लहान आहे. पण तिथे फक्त मास्क लावणारा स्वतः वाचतो का एवढंच बघितलं होतं. त्याच्यामुळे दुसरे वाचतात का, हा प्रश्नच त्या चाचणीत नव्हता. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा मोठा आढावा आला आणि "मास्क निरुपयोगी" असे मथळे झळकले. तेव्हा कॉक्रेनच्या मुख्य संपादकांनाच खुलासा करावा लागला की आढाव्याचा तसा अर्थ नाही, निष्कर्ष काढण्याइतका पक्का पुरावा मिळाला नाही एवढाच आहे.

माझं मत विचाराल तर या चाचण्यांमध्ये मास्क वाटल्याचा परिणाम मोजला जातो. वाटलेला मास्क किती जणांच्या नाकावर होता आणि किती जणांच्या हनुवटीखाली, हे वेगळं. अभ्यासिकेत मला रोज दिसतं. आणि एक गोष्ट कुणालाच नाकारता येत नाही. २०२०-२१ मध्ये मास्क, अंतर, बंद शाळा आणि थांबलेला प्रवास या सगळ्यांचा मिळून असा दणका बसला की जगभरात फ्लू जवळजवळ नाहीसा झाला होता. फ्लूचा बी-यामागाता नावाचा एक अख्खा वंश मार्च २०२० नंतर पक्का सापडलेलाच नाही. त्यात मास्कचा वाटा किती आणि बाकीच्यांचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

मग कुणी लावायचा? खोकला-सर्दी-ताप असलेल्यानं सगळ्यात आधी, आणि सर्जिकल असला तरी चालेल, कारण त्याच्या तोंडातून निघणारं तिथेच अडवणं सगळ्यात सोपं असतं. त्याच्या शेजारच्या दोघातिघांनी एन-९५. घरी म्हातारे आईवडील आहेत, दमा आहे, शुगर आहे, अशांनी साथीत न लाजता लावावा. बाकीच्यांवर मी सक्ती करत नाही. राज्यातली सक्ती २ एप्रिल २०२२ ला, पाडव्याला उठली, आणि वर्षभर चाळीस पोरांना मास्कमध्ये कोंडण्यात मलाही रस नाही.

आजारी मुलाला घरी कसं बसवायचं

खरी अडचण इथे आहे. फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पसरवायला लागतो आणि पहिले तीन-चार दिवस सगळ्यात जास्त पसरवतो. म्हणजे तो घरी बसला पाहिजे ते नेमके ताप चढलेले दिवस. आणि नेमका तेव्हाच तो डोलो ही तापाची गोळी घेऊन येऊन बसतो. कारण त्यानं महिन्याची फी भरलेली असते, टेबल दुसऱ्याला जाईल अशी धास्ती असते, आणि कॉट बेसिसच्या खोलीत चार जणांत पडून करायचं काय? त्याला "बेजबाबदार" म्हणणं सोपं आहे. तो आपला हिशेब बरोबरच करत असतो.

म्हणून हिशेब बदला. आमच्याकडे तापाचे जेवढे दिवस मुलगा येत नाही तेवढे दिवस पुढच्या महिन्यात वाढवून मिळतात. डॉक्टरची चिठ्ठी मागत नाही. टेबलावर त्याच्या नावाची चिठ्ठी राहते, लॉकर तसाच राहतो, आणि लागणारं पुस्तक वॉचमनच्या हाती पाठवते. यात माझं थोडं नुकसान होतं. पण अर्धी रांग एकदम आजारी पडून गावी गेली की जे नुकसान होतं त्याच्यापुढे ते काहीच नाही, आणि खोटं बोलून सूट घेणारे मला तरी फारसे भेटलेले नाहीत. जिन्यात पाटी लावली आहे:

"ताप असल्यास वर येऊ नये. टेबल कोणी पळवत नाही. गोळीने ताप लपतो, खोकला लपत नाही. मास्क दारात आहेत, फुकट आहेत, हनुवटीसाठी नाहीत."

परत कधी यायचं? गोळी न घेता चोवीस तास ताप नाही आणि एकूण बरं वाटायला लागलंय, तेव्हा. त्यानंतरचे पाच दिवस मास्क लावून, एक्झॉस्टच्या टोकाला. कोरडा खोकला पुढे दोन-तीन आठवडे रेंगाळतो, त्या पोराला बाकीच्यांनी वाळीत टाकू नये.

आणि ही लक्षणं दिसली तर घरी न बसता दवाखाना गाठायचा: धाप लागणं, छातीत दुखणं, गुंगी, ऑक्सिजन ९४ च्या खाली, किंवा बरं वाटून दोन दिवसांनी पुन्हा ताप चढणं. मनानं अँटिबायोटिक घेऊ नका, व्हायरसवर ते चालत नाही. फ्लूची लस दर वर्षी मिळते, साथ यायच्या आधी घ्यावी.

कॉट बेसिसच्या खोलीत

दहा बाय बाराच्या खोलीत चार कॉट. इथे सहा फूट कुठून आणणार? तरी बरंच करता येतं. आजाऱ्याची कॉट खिडकीशी न्या. टेबलफॅन त्याच खिडकीत, तोंड बाहेर करून लावा, म्हणजे खोलीतली हवा त्याच्यावरून बाहेर जाईल. दाराला फट ठेवा, तिथून नवी हवा येईल. सीलिंग फॅन कमीत कमी वेगावर ठेवा, नाहीतर सगळी हवा घुसळून निघते. डोकी उलटसुलट ठेवा, एकाच्या उशाशी दुसऱ्याचे पाय. जागेपणी आजाऱ्यानं मास्क लावावा. झोपेत तो सरकतो आणि घुसमट होते, तेव्हा झोपेत बाकीच्यांनी खिडकीवर विसंबावं. मेसचा डबा वर मागवावा आणि जेवण त्यानं एकट्यानं करावं, कारण जेवताना मास्क नसतो आणि बोलणं सगळ्यात जास्त तेव्हाच होतं. भांडी साबणानं धुतली की पुरे. हात धुवावेत, पण दाराची कडी तासातासाला पुसण्यात जी ताकद घालवता ती खिडकी उघडी ठेवण्यावर घालवा.

घरमालक खिडकीत फॅन लावू देत नसेल तर माझ्याकडे पाठवा.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात

हे शेवटचे आठ दिवस मी स्वतः कडक असते. डिस्कशन बंद, ज्यांना हवं त्यांनी फोनवर करावं. खोलीत एसीऐवजी पंखे आणि तिन्ही खिडक्या. ज्यांची परीक्षा आहे त्यांना एन-९५, आणि त्या आठवड्यात त्यांनी गावाकडच्या लग्नाला जायचं नाही, आई कितीही रागावली तरी. एसटीनं केंद्राच्या गावी जायचं असेल तर खिडकीची जागा घ्या आणि काच उघडी ठेवा. एसी बस असेल तर मास्क प्रवासभर लावा, मधे फक्त पाणी पिताना काढा.

केंद्रावर तपासणीच्या रांगेत सगळे खेटून उभे असतात आणि मोठमोठ्यानं बोलत असतात. वर्गात प्रत्येक जण आपल्या बाकावर गप्प बसलेला असतो आणि शाळांच्या खिडक्या सहसा उघड्या असतात. तेव्हा मास्क रांगेत लावा. पेपर लिहिताना घुसमट होत असेल तर नाही लावला तरी चालेल. पर्यवेक्षक चेहरा बघायला मागतील तेव्हा काढून दाखवा, आणि एक जादा मास्क पारदर्शक पिशवीत ठेवा. ऐन वेळी दोरी तुटते.